नेरुळ आणि सानपाडा: दोन रिसेल फ्लॅट स्वतः तपासल्याच्या नोंदी

१८ मे २०२५

घर रिसेलचंच घ्यायचं हे आता नक्की ठरलंय. नवीन प्रोजेक्टचे सॅम्पल फ्लॅट बघून बघून दमलो, जे परवडतं ते तळोज्याच्या पुढे आणि जे ऑफिसला जवळ पडतं ते बजेटच्या बाहेर. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिने झेपत नाहीत म्हणून एकतर लिफ्ट हवी नाहीतर दुसऱ्या मजल्याच्या वर नको, आणि स्टेशन रिक्षाच्या मिनिमम भाड्यात यावं, एवढ्याच अटी. एजंटने नवी मुंबईतले दोन फ्लॅट सुचवलेत, एक नेरुळचा, चौथा मजला, लिफ्ट असलेली सात मजली बिल्डिंग, १९९४ ची. दुसरा सानपाड्याचा, दुसरा मजला, चार मजली, लिफ्ट नाही, १९९९ ची.

नोंदी ठेवायचं कारण सांगते. कर्ज घेताना बँक व्हॅल्युअर पाठवते पण तो बँकेचं तारण बघायला येतो, वकील कागद बघतो, एजंटला व्यवहार हवा असतो. घराची तब्येत कशी आहे हे बघणारं माणूस या सगळ्यात कोणीच नाही. आयुष्यभराची कमाई आणि वर वीस वर्षांचा हप्ता जिथे लावायचा तिथे निदान डोळे उघडे ठेवून चार वेळा फिरायला तरी हवं ना.

पिशवीत भरलेलं सामान: चांगला टॉर्च, पाच मीटरचा टेप, स्टीलची पट्टी, रुपयाचं नाणं, काचेची गोटी, टेस्टर, सॉकेटमध्ये खुपसायचा तीन दिव्यांचा अर्थिंग चेकर, जाड प्लॅस्टिकचा तुकडा, मास्किंग टेप, पेन्सिल.

तपासताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा असं ठरवलंय, की सापडलेली गोष्ट माझ्या पैशाने आणि माझ्या मर्जीने दुरुस्त होऊ शकते का? वायरिंग, नळ, टाइल्स, ओटा, खिडक्या हे सगळं माझ्या हातात. कॉलम, बीम, स्लॅब, गच्ची, बाहेरची भिंत, सामाईक पाइप हे अख्ख्या सोसायटीच्या हातात. पहिल्या प्रकारातलं काहीही निघालं तरी ते किमतीत बोलता येतं, दुसऱ्या प्रकारातलं निघालं तर आधी ती सोसायटी कशी आहे ते बघायचं.

२५ मे

नेरुळचा फ्लॅट. आत शिरताच नव्या रंगाचा वास. मालक काका पुण्याला मुलाकडे राहायला गेलेत, चावी एजंटकडे, पण आज ते स्वतः आले होते. घर दिसायला खरंच सुंदर, हॉलमध्ये पीओपीचं सीलिंग, लपवलेले लाइट, किचनमध्ये नवीन ट्रॉल्या. नवरा तर बाल्कनीतून पारसिकच्या डोंगराकडे बघत तिथेच रमला.

मी नाणं काढून भिंती वाजवत सुटले. धड प्लास्टर असेल तिथे टणक आवाज येतो, जिथे प्लास्टरने भिंत सोडलीय तिथे बोदा येतो, कान दोन मिनिटांत तयार होतो, काही शिकावं लागत नाही. हॉल ठीक. मागच्या बेडरूममध्ये बाथरूमच्या पाठची भिंत जमिनीपासून साधारण गुडघ्यापर्यंत पूर्ण बोदी. आणि टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरला की रंगाखालचे फुगवटे दिसायला लागतात, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. रंग पण त्या पट्ट्यात किंचित जास्त पांढरा, म्हणजे तिथे वेगळं पुट्टीकाम झालंय.

मग सीलिंग. त्याच बेडरूमचं पीओपी हॉलपेक्षा जवळजवळ फूटभर खाली उतरवलंय, पट्टीने मोजलं. काकांना विचारून एक गोल एलईडी खाली ओढला, हे दिवे दोन स्प्रिंगच्या क्लिपवर असतात, हळू ओढले की सुटतात आणि परत दाबले की बसतात. भोकातून मोबाइल आत सरकवला आणि व्हिडिओ चालू करून गोल फिरवला. वरच्या स्लॅबला काळपट-पिवळे डाग, एका जागी प्लास्टर पडलेलं आणि तिथे सळी उघडी, लाल गंजलेली. काका म्हणाले, "अहो वरच्यांचं बाथरूम पूर्वी गळायचं, आता बंद झालंय." बंद झालं असेलही. पण सळी उघडी पडलीय ती आपोआप झाकली जात नाही.

२७ मे

पावसाने यंदा मे महिन्यातच गाठलं, काल २६ तारखेला मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, इतक्या लवकर याआधी कधी नोंद नाही म्हणे. लोकांचे हाल झाले पण मला मात्र घर ओलं असताना बघायची संधी मिळाली. ऑफिस सुटल्यावर एजंटकडून चावी घेऊन थेट नेरुळ गाठलं.

बेडरूमच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी ओल उतरलीय. छज्जा आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी येतंय असं दिसतं. आता ही ओल बाहेरून येतेय की खोली बंद राहून दमट झालीय हे बघायला प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेप मारून घट्ट चिकटवून आले. दीड-दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ.

२९ मे

थेंब भिंतीकडच्या बाजूला. हात लावला तर पाणीच पाणी.

३१ मे

आज फ्लॅटमध्ये गेलेच नाही, खाली पार्किंगमध्ये फिरत राहिले. वॉचमनकाका आधी संशयाने बघत होते, मग घर घ्यायचंय म्हटल्यावर स्वतःच दाखवायला लागले. बिल्डिंगचा खरा चेहरा पार्किंगमध्ये दिसतो कारण तिथे कोणी पीओपी करत नाही.

भेगांचं जे काही मला कळलंय ते लिहून ठेवते. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक भेगा असतात त्या प्लास्टर सुकताना पडतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. विटांची भिंत आणि बीम जिथे भेटतात तिथे आडवी सरळ रेघ पडते, तीही बहुतेक वेळा दोन वेगळ्या मटेरियलच्या सांध्याची असते. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून निघून तिरकी चढणारी आणि रुंद होत जाणारी भेग दिसली तर थांबायचं, विचारायचं. आणि कॉलमवर वरून खाली उभी, सळीच्या रेषेतच जाणारी भेग म्हणजे आत सळी गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत, आणि ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. म्हणून आधी रेघ, मग रेघेतून तांबडा ओघळ, मग कपची सुटून खाली.

लिफ्टच्या बाजूच्या कॉलमला तशी उभी भेग आहे, पट्टी लावून फोटो काढला, भेगेच्या खालच्या टोकाला पेन्सिलने बारीक खूण आणि तारीख टाकली, म्हणजे वाढते का ते कळेल. कंपाउंडकडच्या दोन कॉलमवर छातीएवढ्या उंचीपर्यंत नवीन सिमेंटचं पॅचवर्क आहे. पॅच मारणं वाईट नाही, पण आतली सळी घासून, गंज काढून, कोटिंग करून मग पॅच मारला की नुसतं वरून लिंपलं हे बाहेरून कळत नाही. नाणं मारलं तर दोन्ही पॅच बोदे.

पार्किंगच्या स्लॅबची एक कपची पडलेली कोपऱ्यात ठेवली होती. वॉचमनकाका म्हणाले, गेल्या महिन्यात एका गाडीच्या बॉनेटवर पडली. त्यांना विचारून ती घरी घेऊन आले.

७ जून

आत्तेभाऊ आला होता. दादा घणसोलीला साइट सुपरवायझर आहे, त्याच्या हाताखालून बऱ्याच बिल्डिंगची रिपेअरिंग गेलीय. त्याला कपची दाखवली. एका बाजूला सळीचा अर्धगोल ठसा, त्यात गंजाची लाल भुकटी. त्याने स्टीलच्या पट्टीने मोजलं, सळीच्या ठशापासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत जेमतेम १२ मिलिमीटर. स्लॅबच्या सळीवर निदान १५ ते २० मिलिमीटर काँक्रीट हवं असतं, कॉलमला तर ४०. याला साइटवर कव्हर म्हणतात आणि सळीचं सगळं आयुष्य या कव्हरवर असतं.

मग त्याने पिशवीतून फिनॉल्फ्थेलीनची स्प्रे बाटली काढली. कपची हातोडीने मधोमध फोडली आणि ताज्या फुटलेल्या तोंडावर फवारा मारला. चांगलं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, पीएच १२-१३ च्या घरात, फवारा पडला की गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की ती अल्कली मरते, पीएच ९ च्या खाली येतो आणि रंग येत नाही. अल्कली आहे तोवर सळीवर एक संरक्षक पापुद्रा राहतो, ती गेली की सळी उघड्यावर पडल्यासारखीच. आमची कपची बाहेरच्या तोंडापासून सळीच्या ठशापर्यंत जशीच्या तशी राखाडी राहिली. कुठेच गुलाबी नाही. मी ताटलीत ठेवून कितीतरी वेळ बघत होते, वाटलं जरा वेळाने येईल रंग. नाही आला.

दादा म्हणाला, "एका कपचीवरून बिल्डिंग ठरवू नकोस, पण ही कपची काय सांगतेय ते ऐक." त्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच कामांना खाडीची रेती लागलीय, ती नीट धुतली नसेल तर तिच्यातलं मीठ कायमचं काँक्रीटमध्ये राहतं, वरून ठाण्याची खाडी जवळ, हवा खारी आणि वर्षाचे चार महिने दमट. मीठ आणि ओल एकत्र आले की सळीला गंजायला आणखी काही लागत नाही. म्हणून आपल्याकडे बिल्डिंगचं नुसतं वय विचारून भागत नाही, मधल्या काळात तिची काळजी कोणी घेतली ते विचारावं लागतं.

१४ जून

नेरुळच्या सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी बोलायला सौम्य होते. मी स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या सांगाड्याची तपासणी झालीय का ते विचारलं. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे, ही बिल्डिंग ३१ वर्षांची. शिवाय सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्येही आहे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. ते म्हणाले झालंय, पण रिपोर्ट बाहेरच्यांना दाखवत नाही. बरोबरच आहे, मी सभासद नाही. म्हणून काकांना फोन केला की तुम्ही सभासद आहात, तुम्ही अर्ज करून कॉपी मागा, मला नुसती वाचायला द्या, खर्च मी देते.

रिपोर्टचं एवढं का लावून धरलं ते लिहिते. पालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे राहत्या माणसांसकट दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पावसाळ्याआधी नवी मुंबई पालिका यादी जाहीर करते, त्यात या बिल्डिंगचं नाव नाही, मी बघितलंय. पण यादीत नाव नसणं आणि बिल्डिंग ठणठणीत असणं यात फरक आहे, आणि तो फरक रिपोर्टमध्येच कळतो. उद्या सी-२ ए मध्ये गेली तर आम्ही हप्ता पण भरणार आणि भाडं पण भरणार.

रिपेअर फंडाचंही विचारलं. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे सांगितलं की मेंटेनन्स वाढवायला जनरल बॉडीत कोणी तयार होत नाही, लोक रिडेव्हलपमेंटची वाट बघतायत. या उत्तरासाठी मी त्यांची खरंच आभारी आहे.

२१ जून

काकांनी रिपोर्ट मागितलाच नाही, दोनदा आठवण केली. काल त्यांनी उलट किंमत कमी करायची तयारी दाखवली. नेरुळ सोडलं. नवऱ्याला वाईट वाटलं, बाल्कनी त्याच्या मनात भरली होती, पण पार्किंगमधला फोटो परत दाखवला तेव्हा तोच म्हणाला की आईला घेऊन या स्लॅबखाली झोपायला नको.

२२ जून

सानपाडा. पहिलं इम्प्रेशन नकोसं. भिंतींना पोपडे, मोझेक टाइल्स काळवंडलेल्या, किचनचा कडप्पा तडकलेला, बाथरूमचा दरवाजा खालून कुजलेला. मालकीण काकू एकट्या राहतात, मुलगी नाशिकला असते, तिच्याकडे जायचंय म्हणून विकतायत. रंगाला बरीच वर्षं हात लागलेला नाही, आणि नेरुळनंतर मला त्याचंच बरं वाटलं, कारण जे आहे ते सगळं समोर आहे.

आधी खाली. कॉलम सगळे वाजवले, एकही बोदा नाही. एका बीमच्या तळाला जुनं रिपेअर दिसतं, नाण्याने टणक वाजतं. बाहेरून चक्कर मारली, मागच्या डक्टमध्ये बिडाचे जुने ड्रेनेज पाइप काढून पीव्हीसीचे टाकलेत, क्लॅम्पसुद्धा नवीन. तिसऱ्या मजल्याच्या छज्जाजवळ पिंपळाचं रोप उगवलंय, वीतभर. पिंपळाची मुळं भेगेत शिरली की भिंत उकलतात, वरून कापून उपयोग नसतो, मुळासकट काढून सांधा भरावा लागतो. कमिटीतल्या एका काकांना दाखवलं तर ते म्हणाले दरवर्षी दिवाळीआधी काढतो, यंदा राहिलंय.

गोटी सोडली. हॉल आणि बेडरूममध्ये गोटी थांबते, किचनमध्ये हळूहळू मोरीकडे जाते, तो उतार मुद्दाम दिलेला. दरवाजे-खिडक्या उघडून-मिटून बघितल्या, चौकटीत काही अडकत नाही. चौकटी कोपऱ्यात सळईने दाबून बघितल्या, वाळवी लागली असेल तर लाकूड आत जातं आणि भुसा पडतो. हॉलची ठीक, बेडरूमच्या चौकटीला खालच्या वीतभरात लागलेली आहे. ओट्याखाली टॉर्च मारला, मातीच्या नळ्या नाहीत.

२८ जून

लाइट आणि पाणी.

मेन बोर्डवर जुन्या पोर्सिलीनच्या फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच, आहेत पण आरसीसीबी नाहीच. विजेची गळती झाली तर शॉक जिवावर बेतायच्या आत सप्लाय तोडणारं हे यंत्र, घरासाठी ३० मिलिअँपिअरचं लावतात, त्याच्याशिवाय मी राहायला जाणार नाही. अर्थिंग चेकर सगळ्या सॉकेटमध्ये फिरवला, हॉल आणि बेडरूमला अर्थिंग बरोबर, किचनमधल्या मिक्सरच्या आणि बाथरूममधल्या गिझरच्या पॉइंटला अर्थिंगच नाही. म्हणजे नेमकं जिथे ओला हात लागतो तिथे. काकूंना त्याच वेळी सांगितलं की गिझर चालू ठेवून अंघोळ करू नका आणि आधी वायरमन बोलवा, घर आम्हाला विका नाहीतर कोणालाही. महावितरणच्या बिलावर मंजूर लोड बघितला, दोन एसी लावायचे तर वाढवून घ्यावा लागेल. अख्खं वायरिंग नवीन करायचं असं गृहीत धरलंय.

पाणी मोरबे धरणाचं, त्याची तक्रार नाही. नळ आतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचे, सकाळी पहिली बादली तांबूस येते असं काकूंनीच सांगितलं. किचनचा नळ पूर्ण सोडून बादली लावली आणि त्याच वेळी बाथरूमचा शॉवर चालू केला, धार अर्ध्यावर आली. आतून पाइप गंजून अरुंद झालेत. फ्लश करून चेंबरपाशी उभी राहिले, पाणी झटकन आलं, ड्रेनेज मोकळं आहे.

टेपने मापं घेतली, भिंतीच्या आतल्या आत. कार्पेट चौरस मीटरला १०.७६४ ने गुणून एजंटच्या आकड्याशी ताडलं. त्याने फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेरचा कुंड्या ठेवायचा कट्टा, पण धरलाय. हॉलला लागून असलेला फ्लॉवर बेड बाहेरची भिंत काढून आत घेतलाय, या भागातल्या कित्येक घरांत हे केलेलं असतं. मंजूर नकाशात ते क्षेत्र हॉलमध्ये नाही, त्यामुळे पैसे आम्ही त्याचे देणार नाही आणि पावसाळ्यात तिथून पाणी येतं का हे बघणं आलं. काकूंकडे मूळ अॅग्रीमेंटला जोडलेला नकाशा आहे, तो समोर ठेवून खोली-खोली ताडून बघितली. कॉलमला किंवा बीमला कुठे हात लावलेला नाही.

६ जुलै

आषाढी. काकूंनी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याशिवाय भिंत वाजवू दिली नाही.

बाथरूमच्या छताला पांढरा खार फुटलाय आणि नहाणीच्या वर गोल ओला डाग आहे. वर आजी राहतात. काकू स्वतः बरोबर आल्या, आजींना समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या, "करा गं बाई, मला पण कळू दे कुठून जातंय ते." त्यांच्या मोरीतल्या ट्रॅपचं, म्हणजे पाणी जिथून पाइपात जातं त्या भांड्याचं, तोंड फडक्याने घट्ट बंद केलं, दोन बोटं पाणी तुंबवलं आणि त्यात नीळ घातली. रात्रभर तसंच ठेवायचं कबूल केलंय, संडास वेगळा असल्यामुळे त्यांची अडचण होत नाही.

७ जुलै

सकाळी काकूंचा फोटो आला. गोल डागाच्या कडेला निळसर ओघळ, बाकी छत जसंच्या तसं. दादाला फोटो पाठवला, तो म्हणाला ट्रॅपच्या सांध्यातून गळतंय, अख्खी मोरी फोडायची गरज वाटत नाही, ट्रॅपभोवती फोडून नवीन बसवून वॉटरप्रूफिंग करायचं आणि परत पाणी तुंबवून बघायचं. डागाभोवती प्लास्टर वाजवून घ्यायला सांगितलं, ते आज संध्याकाळी केलं, टणक आहे. सळी अजून शाबूत असावी.

१९ जुलै

सोसायटीचा रिपोर्ट वाचला. काकूंनी अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी कमिटीने कॉपी दिली. २०२३ चा आहे. मला त्यातलं सगळं कळत नाही पण अल्ट्रासॉनिकचा तक्ता दादाने समजावला. काँक्रीटच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडतात आणि दुसरीकडे ती किती वेगात पोचते ते मोजतात, सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर म्हणजे चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम, तीनच्या खाली शंकास्पद. इथले बहुतेक आकडे साडेतीनच्या वर, काही मध्यममध्ये, दोन बीम तीनच्या खाली. त्या दोन बीमची दुरुस्ती झाल्याचं बिल आणि कामाच्या आधीचे-नंतरचे फोटो रिपोर्टलाच जोडलेत. त्यातला एक बीम म्हणजे मी खाली वाजवलेला तोच.

मग गच्चीवर. चायना मोझेक, म्हणजे गच्चीवर बसवलेला टाइल्सच्या तुकड्यांचा थर, बऱ्यापैकी शाबूत, कोपऱ्यांतली गोलाई तुटलेली नाही, पाण्याच्या तोंडांवर जाळ्या आहेत आणि त्यात पाला नाही. टाकीखाली मात्र शेवाळ, ओव्हरफ्लोचं पाणी तिथे साचतं. पत्र्याची शेड नाही. आपण दुसऱ्या मजल्यावर असलो तरी गच्ची बघायचीच, कारण गच्चीवरून झिरपलेलं पाणी कॉलमपर्यंतही पोचू शकतं आणि कॉलम सगळ्यांचे.

२० ऑगस्ट

गेल्या दोन दिवसांत पावसाने मुंबई-ठाणे धुऊन काढलं, लोकल बंद, ऑफिस बंद. आज जरा उघडीप मिळताच सानपाड्याला गेलो, सासूबाई पण आल्या, कठडा धरत दोन जिने चढल्या आणि वर जाऊन पाणी प्यायल्या. यापेक्षा मोठी परीक्षा घराची होणार नव्हती. हॉलच्या भिंती कोरड्या. फ्लॉवर बेडच्या जागी खिडकीखाली ओल आहे, हाताच्या पंज्याएवढी, टाइल्सच्या सांध्यातून पाणी वर आलंय. अपेक्षितच होतं, ते वॉटरप्रूफिंग आमच्या खर्चात धरलंय. बेडरूम कोरडी. पार्किंगमध्ये पाणी साचलेलं नाही, मीटरच्या खोलीतली भिंत वाजवली, टणक. मीटर जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर आहेत.

२३ ऑगस्ट

काकू, त्यांची मुलगी आणि आम्ही, समोरासमोर बसलो. फोटो, मापं, निळ्या डागाचा फोटो, सगळं टेबलावर ठेवलं. काही लपवलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही. किंमत कार्पेटवर ठरली, फ्लॉवर बेड वगळून. वायरिंग, नळाचे पाइप, ओटा आणि चौकट आम्ही करणार आणि त्याचा वायरमन-प्लंबरने दिलेला अंदाज किमतीतून वजा. वरच्या आजींचा ट्रॅप काकू आणि आजी निम्मे-निम्मे खर्च करून अॅग्रीमेंटच्या आधी बदलून घेणार, परत नीळ घालून रात्रभर पाणी तुंबवायचं आणि दुसऱ्या दिवशी छत कोरडं असेल तरच उरलेली बयाणा रक्कम द्यायची, हे टोकनच्या कागदावर लिहून सह्या घेतल्या.

पिंपळाचं रोप कमिटीने याच आठवड्यात काढलंय, कमिटीतल्या त्या काकांनी स्वतः फोटो पाठवला. सिडकोच्या ट्रान्सफरचे आणि सोसायटीच्या एनओसीचे कागद सोमवारी वकिलांकडे जातील. प्लंबर गणपती झाल्यावर ८ सप्टेंबरला येतो म्हणालाय, त्याला काकूंचा आणि आजींचा, दोघींचा नंबर दिलाय.